गुळ्याचे डोळे आणि तिन्हीसांजेचा धूप

भास्करराव घोरपडे फार शांत माणूस आहेत, असं आमच्या सोसायटीत कोणीही सांगेल. मला विचाराल तर शांत वगैरे काही नाही, हट्टी आहेत. एक नंबरचे हट्टी. समोरासमोर घरं आमची, मधे रस्ता, तोही एवढा अरुंद की त्यांच्या कुकरची शिट्टी झाली की मी माझा गॅस बंद करायला उठते. इतकी वर्षं शेजार केल्यावर माणसाबद्दल बोलायचा हक्क येतो की नाही? येतोच. तेव्हा मी बोलणार.

सुभानपुऱ्यातली आमची सोसायटी जुनी, टेनामेंटची. बैठी घरं, पुढे ओटा, ओट्यावर झोपाळा. मराठी घरं आता दोनच उरली, त्यांचं आणि माझं. बाकी सगळे गुजराती, मला नीरजाबेन म्हणतात. नीरजाताई म्हणून हाक आली की मान वर न करता कळतं, घोरपडे आलेत.

नोकरी त्यांनी सावली गावाच्या बाजूला एका केमिकलच्या कारखान्यात केली. सेफ्टी खात्यात. कुठं काही जळतंय का, कुठं गॅस सुटतोय का, हे हुंगत फिरायचं. ते खूळ घरीही होतंच. माझ्याकडे चहाला आले तरी आधी स्वयंपाकघरात जाऊन गॅसची नळी वाकवून बघणार. "नीरजाताई, ही बदला." अहो, आधी बसा तर! पण नाही. नळी बदलल्याशिवाय दुसऱ्या दिवशी माझ्याकडे चहा घ्यायचे नाहीत. आता सांगा, याला शांत म्हणायचं?

त्यांची बायको सुहासिनी माझी मैत्रीण. बोलणं मोठ्यानं, हसणं त्याहून मोठ्यानं. रोज तिन्हीसांजेला ती धूप करायची. म्हणजे आमच्याकडची अगरबत्ती नव्हे. पितळेचं लांब दांड्याचं धुपाटणं होतं तिच्या आईकडून आलेलं. त्यात गोवरीचा निखारा, वर ऊद आणि गुग्गुळ. आधी देवापुढे, मग प्रत्येक खोलीतून फिरवायचा, कपाटामागे, पलंगाखाली, अगदी मोरीतसुद्धा. आणि भास्करराव पुढे पुढे जाऊन खिडक्या उघडत सुटायचे.

"सेफ्टीवाल्याच्या घरात रोज आग," ते म्हणायचे. "तुझ्या देवाला एक दिवस खोकला लागेल बघ."

"माझ्या देवाला काही होत नाही. तुमच्या कारखान्यापेक्षा बरा वास आहे," ती म्हणायची आणि मुद्दाम त्यांच्या नाकाशी धुपाटणं धरायची. ते खोकत ओट्यावर पळायचे. हे रोजचं नाटक मी माझ्या ओट्यावर भाजी निवडत बघायची. करमणूकच होती ती माझी.

मग त्यांच्याकडे गुळ्या आला. मुलगी दीप्ती लग्न होऊन कॅनडाला गेली, घर सुनं पडलं, तेव्हा कुणाच्या तरी मोटारीखालून सुहासिनीनं त्याला उचलून आणला. गुळाच्या ढेपेचा रंग, चपटं नाक आणि बाहेर आलेले मोठाले डोळे. कुठल्या तरी बंगल्यातली पग जातीची बाई आणि आमच्या गल्लीतलं कोणीतरी, अशी ती औलाद. सुंदर म्हणता यायचं नाही. पण बघायचा असा, की समोरच्याला वाटावं आपणच याचं काही घेणं लागतो. तो सुहासिनीच्या पायात पायात असायचा, आणि संध्याकाळी धुपाटणं उचललं की तिच्यामागून सगळ्या खोल्या फिरायचा. पुढे खिडक्या उघडत भास्करराव, मधे धूप घेऊन सुहासिनी, मागून शेपटी हलवत गुळ्या. वरातच निघायची म्हणा ना.

सुहासिनीला कॅन्सर झाला आणि फार दिवस मिळाले नाहीत. शेवटी शेवटी ती घरीच होती, मागच्या खोलीत पलंगावर. गुळ्या तिच्या पायाशी, तिच्या करड्या शालीवर. एका संध्याकाळी मी तिथंच होते. ती भास्कररावांना म्हणाली, "अहो, तिन्हीसांजेचा धूप चुकवू नका. घर अंधारात ठेवू नका. मी आहे असं वाटेल."

ते उठले, धुपाटणं घेतलं, चटका बसून घेतला आणि पहिल्यांदा स्वतः धूप केला. गोवरी नीट पेटेना. ती पलंगावरून सूचना देत होती आणि हसत होती. दुखत असतानाही हसायची ती.

ती गेली. भास्करराव रडले नाहीत. मी खोटं कशाला सांगू, मला राग आला होता. बायको गेली आणि हा माणूस मंडपवाल्याला खुर्च्या ओळीनं लावून परत देतोय! येणारेजाणारे म्हणत, काय धीराचा माणूस. दीप्ती रडून रडून आजारी पडली, तिला यांनीच सावरून परत विमानात बसवलं. बाराव्या-तेराव्यानंतरही मी वाट बघत होते, कधीतरी बांध फुटेल म्हणून. नाही फुटला. सकाळी फिरणं, पेपर वाचणं, गुळ्याला भात, संध्याकाळी धूप. देवावर विश्वास नसलेला माणूस, पण धूप एक दिवस चुकला नाही. मला बरं वाटायचं. माझ्या ओट्यावरून त्यांच्या खिडकीत निखारा फिरताना दिसायचा तेव्हा मी मनात म्हणायची, सुहास, बघ गं, तुझा नवरा सुधारला.

मग बाजूच्या मोकळ्या प्लॉटवर टॉवरचं काम निघालं. दिवसभर खडखडाट आणि धूळ. माझ्या तुळशीची पानं पांढरी झाली. तेव्हाच गुळ्याच्या डोळ्यांचं सुरू झालं. आधी नुसतं पाणी. मग लाली. मग सकाळी डोळे चिकटलेले, पिवळा चीक, आणि हा पठ्ठ्या पुढच्या पायानं सारखा डोळे घासतोय.

मी म्हटलं, "गुलाबपाणी घाला दोन थेंब. नाहीतर मी घरचं काजळ करून देते, एरंडेलाचं. आमच्या मुलांना तेच घातलं."

"तुमच्या मुलांचं नशीब चांगलं," ते म्हणाले. "डोळ्यात ऐकीव काही घालायचं नाही. आपलं माणसांचं औषध तर नाहीच नाही. डॉक्टर सांगेल ते."

बोलणं बघा! पण गेलो आम्ही रिक्षानं वासण्याला, जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे. आकांक्षा त्यांचं नाव, मुलगी तरुण पण हात हलका. मी गुळ्याला मांडीवर धरलं होतं. तिनं डोळ्यात हिरवा रंग टाकून दिवा मारून बघितलं. जखम नाही म्हणाली, पण काहीतरी सारखं चुरचुरतंय याला. ज्यांचे डोळे असे बाहेर असतात त्यांना पटकन लागतं.

"काका, घरमां धुमाडो थाय छे? सिगारेट, चूल, कसलाही धूर?" तिनं विचारलं.

"छे छे," भास्करराव म्हणाले. "माझ्या घरात? मी सेफ्टीत होतो बेन. घरात काडी ओढत नाही मी." आणि ते खरं बोलत होते हो. माझ्याही मनात काही आलं नाही. देवाचं ते कोणी धुरात धरतं का?

"मग धूळ?"

"ती आहे. बाजूला बांधकाम चालू आहे."

झालं. सगळं खापर टॉवरवर फुटलं. बाईंनी थेंब दिले, डोळे पुसायचं पाणी दिलं, गळ्यात घालायला प्लास्टिकचा भोंगा दिला, म्हणजे त्याला डोळे घासता येऊ नयेत. आणि धुळीपासून जपा म्हणाल्या.

आता हट्टी माणसाला काम मिळालं. घराच्या सगळ्या खिडक्या बंद. फटींना कागद. दाराशी ओली चादर. बिल्डरच्या माणसाशी रोज भांडण, पाणी मारा, जाळी लावा. आणि गुळ्याची सेवा अशी, की मी बघत राहावं. आधी स्वतःचे हात साबणानं धुवायचे. मग गुळ्याला मांडीवर पाठमोरा घ्यायचा, म्हणजे समोरून हात येताना बघून तो बिचकत नाही. एका डोळ्याला एक कापूस, दुसऱ्याला दुसरा. चिकटलेलं खरवडायचं नाही, ओला कापूस नुसता ठेवून द्यायचा, सुटतं आपोआप. नाकाकडून बाहेर पुसत न्यायचं. डोळ्यात जाणारे केस बोथट कात्रीनं कापायचे. मग मागून हात आणून थेंब, बाटलीचं टोक डोळ्याला लागता कामा नये. थेंब पडला की हनुवटीखाली खाजवायचं आणि म्हणायचं, "झालं. शहाणा तो. झालं."

हे "झालं, शहाणा तो" सुहासिनीचं होतं. ती दीप्तीला औषध देताना असंच म्हणायची.

थोडं बरं वाटलं की आठवड्यात पुन्हा तेच. लाली हटेना. थेंब बदलले. उजव्या डोळ्यावर साय धरल्यासारखं दिसायला लागलं. भास्करराव खंगले. रात्री झोप नाही, जेवणाकडे लक्ष नाही. मी भाकरी-पिठलं नेऊन दिलं तर तसंच झाकलेलं असायचं. एकदा मला म्हणाले, "नीरजाताई, तिनं माझ्यावर दोन गोष्टी सोपवल्या. एक धूप आणि एक हा. हा आंधळा झाला तर मी तिला काय तोंड दाखवू?"

"आंधळा कशाला होतोय? बाई आहेत ना बघायला."

"बाईंना कळत नाहीये. मी आता धूपही वाढवलाय. गुग्गुळ जास्त घालतो. म्हटलं, तिच्या देवाला सांगून बघू."

मी "बरं केलंत" म्हटलं आणि भाजी घ्यायला लारीकडे, म्हणजे हातगाडीकडे गेले.

मी त्यांच्याकडे जायची ती सकाळी. संध्याकाळी माझी मालिका, माझा देव, माझं जेवण. पण त्या दिवशी दीप्तीचा मला फोन आला. "मावशी, बाबा फोन उचलत नाहीयेत, जरा बघतेस का?" तिन्हीसांज झाली होती. मी चपला अडकवून रस्ता ओलांडला. दार नुसतं लोटलेलं होतं. ढकललं, आणि माझे डोळे झोंबले.

खोलीत समोरची भिंत धड दिसत नव्हती. खिडक्या सगळ्या बंद, फटींना कागद, आणि घरभर धूर. त्यात भास्करराव धुपाटणं घेऊन हळूहळू चालले होते, आणि त्यांच्या मागे, अगदी मागे, धुपाटण्याच्या बुडाशी नाक लावून गुळ्या. भोंग्यात धूर साठत होता. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या त्याच्या, पण शेपूट हलत होती. सुहासिनी होती तेव्हा हलायची तशीच.

मी पदर नाकाला लावला. "अहो भास्करराव! थांबा! हा धूर बघा किती!"

ते वळले. "धूर? कुठे?"

"कुठे काय कुठे! तुमच्या हातात! कुत्र्याचे डोळे बघा. अहो, बाईंनी विचारलं होतं ना, घरात धूर होतो का?"

"हा धूर नाही," ते म्हणाले. "देवाचं आहे हे."

"देवाचं असलं म्हणून झोंबत नाही का? सुहास होती तेव्हा तुम्ही खिडक्या उघडत फिरायचात. तुम्हीच! आता सगळं बंद करून बसलात, म्हणून याचं हे झालं!"

मी खिडकीकडे गेले आणि कागद ओढला. आणि माझ्यावर कधी आवाज न चढवलेला हा माणूस ओरडला. "हात लावू नका! घरातून सगळं जाईल!"

"जाऊ दे की! जायलाच पाहिजे!"

"तुम्हाला काय जातंय बोलायला? तिचं एवढंच राहिलंय या घरात. एवढंच. तेही बंद करू? जा तुम्ही. जा, नीरजाताई."

माझ्या नाकावर राग असतो, हे सगळी सोसायटी जाणते. मी म्हटलं, "जाते. आणि पुन्हा पायरी चढणार नाही. त्याला आंधळा करा आणि मग सुहासला सांगा, तुझा धूप चुकवला नाही." एवढं बोलून आले. घरी येऊन दीप्तीला कळवलं, बाबा बरे आहेत, आणि स्वयंपाकघरात भांडी आपटली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या दोन खिडक्या उघडलेल्या दिसल्या. म्हणजे डोक्यात शिरलं होतं. शिरणारच, माणूस मूर्ख नव्हता. पण हट्टी माणसाची मधली वाट काय असते बघा. धूप सोडायचा नाही आणि कुत्र्याला धुरात आणायचं नाही. म्हणून त्यांनी तिन्हीसांज झाल्यावर गुळ्याला मागच्या खोलीत कोंडलं, सुहासिनीच्या खोलीत, आणि कडी लावून धूप सुरू केला.

मी माझ्या ओट्यावर होते. आधी गुळ्याचं कुईकुई ऐकू आलं. मग भुंकणं. मग दारावर नखं, धडका. असं रडत होता की शेजारच्या जोशीभाईंच्या सुनेनं बाहेर येऊन विचारलं, "शुं थयुं?" त्याला काय कळणार बिचाऱ्याला? त्याला एवढंच कळत होतं, की रोज याच वेळेला तो वास येतो आणि आपण त्याच्यामागून जातो. आणि आज वास येतोय, दार बंद आहे. मी उठले, बसले, पुन्हा उठले. आदल्या दिवशी पायरी चढणार नाही म्हटलं होतं ना! मग खाड्कन काहीतरी मोडल्याचा आवाज झाला आणि मी पायरी चढले.

भास्कररावांनी मागच्या खोलीचं दार उघडलं होतं. जमिनीवर प्लास्टिकचा भोंगा फुटून पडला होता. त्याच्या फुटक्या कडेवर की दाराच्या चौकटीवर, कशावर घासला देव जाणे, पण गुळ्याचा उजवा डोळा उघडत नव्हता. पापणीखालून लाल पाणी येत होतं. आणि तो तसाच धडपडत, डोकं हलवत, भास्कररावांना ओलांडून पुढच्या खोलीत गेला, धुपाटण्यापाशी, आणि तिथं बसला.

आम्ही दोघं रिक्षात बसलो. त्यांनी त्याला धोतराच्या मऊ फडक्यात धरलं होतं. दवाखान्यात बाईंनी बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. जखम खोल होती. आधीच दुखावलेला डोळा, त्यात हे. बाई पुन्हा विचारायला लागल्या, हे एवढं कशामुळे होतंय काका, धुळीनं एवढं होत नाही.

भास्कररावांनी खुर्चीतून उठून सांगितलं. उभं राहून, साहेबापुढे रिपोर्ट द्यावा तसं. "घरात धूर होतो बेन. रोज संध्याकाळी. मी करतो. तुम्ही विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं होतं."

बाईंनी टेबलावरून हात पुढे करून त्यांच्या हातावर ठेवला. शहाणी मुलगी.

जमेल तेवढं केलं त्यांनी. पण उजवा डोळा राहिला नाही, काढावा लागला. डावा वाचेल म्हणाल्या, पण घरात धुराचा कणही नको. पडदे, चादरी, गाद्यांचे अभ्रे, सगळ्यात तो बसलेला असतो, सगळं धुऊन काढा. आणि कुत्रा ज्याच्यावर निजतो ते आधी धुवा.

गुळ्या दवाखान्यात होता तेवढ्या दिवसांत भास्कररावांनी घर धुतलं. मी मदतीला गेले. भांडण कुठं गेलं म्हणून विचारू नका, असल्या वेळी भांडण कोण धरून बसतं? त्यांनी पडदे काढले, मी भिजवले. पाणी चहासारखं तांबूस निघायचं. त्यांनी स्टुलावर चढून भिंती पुसल्या, देवघराच्या वरचा काळा डाग खरवडला. उदाचा डबा आणि गोवऱ्यांची पिशवी स्वतः नेऊन मंदिराच्या पुजाऱ्याला दिली. धुपाटणं चिंचेनं घासून लख्ख केलं. एकेक वस्तू धुवून झाली की ती नाकाशी नेऊन बघायचे, कारखान्यात बघायचे तसंच. वास राहिला नाही ना? नाही. मग पुढची.

शेवटी ती करडी शाल राहिली. सुहासिनीची, गुळ्या जिच्यावर निजायचा ती. दोन दिवस ती मोरीच्या दांडीवरच होती. मी विचारलं, ही धुवायची राहिली की. ते म्हणाले, "हो, धुतो." दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच. तिसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे. हातात शाल, घडी घातलेली.

"नीरजाताई, एवढी तुम्ही धुवाल? माझ्याच्यानं होत नाही."

मी शाल घेतली. ऊद, गुग्गुळ, थोडंसं तिचं डोक्याचं तेल. माझी मैत्रीणच हातात दिल्यासारखं झालं मला. बादलीत बुडवताना माझे हात थांबले आणि मी मोरीत बसून मनसोक्त रडले. मग धुतली. दोन पाणी, तीन पाणी, वास जाईपर्यंत. काय करणार? त्या मुक्या जिवाचा एकच डोळा राहिला होता.

गुळ्या घरी आला त्या दिवशी संध्याकाळी मी तिथंच थांबले. उजव्या बाजूला टाके, नवा भोंगा. घरात आला आणि थबकला. हवा हुंगली. पडद्याकडे गेला, हुंगलं. शालीवर गेला, नाक घालून इकडून तिकडे फिरला, पंजानं शाल उकरली, उलटी केली, खाली बघितलं. मग आमच्याकडे बघितलं, एका डोळ्यानं. मला बघवेना, मी खिडकीबाहेर बघत बसले. खिडक्या सगळ्या उघड्या होत्या.

दिवेलागण झाली. गुळ्या उठून देवघरापुढे जाऊन बसला. वेळ त्याला बरोबर कळायची. बसला तो बसलाच, शेपूट एकदा जमिनीवर आपटली आणि वाट बघायला लागला. भास्करराव दिवा लावून हात जोडून उभे होते. त्यांनी खाली बघितलं, कोनाड्यातलं धुपाटणं उचललं. रिकामं. थंड. दांडा धरून नेहमीसारखं देवापुढे ओवाळलं आणि चालायला लागले. गुळ्या मागून निघाला.

पुढची खोली, स्वयंपाकघर, मोरी. कपाटामागे, पलंगाखाली. उजवीकडच्या चौकटीवर गुळ्याचा भोंगा आपटला, तो गोंधळला. भास्करराव थांबले, "इकडून ये, इकडून," म्हणाले आणि धुपाटणं डाव्या हातात घेतलं, म्हणजे त्याला दिसेल. मागच्या खोलीत पलंगापाशी ती नेहमी जरा जास्त वेळ थांबायची, तिथं तेही थांबले. गुळ्यानं मान उंच करून धुपाटणं हुंगलं. बराच वेळ हुंगलं. मग पलंगाखाली डोकावून आला, आणि कुईं करून भास्कररावांच्या पावलावर बसला.

भास्करराव तिथंच पलंगाच्या कडेला टेकले. धुपाटणं मांडीवर. आणि मी इतके दिवस ज्याची वाट बघत होते ते झालं. मोठा माणूस असा रडताना मी पाहिला नव्हता. आवाज आवरायचा प्रयत्नही केला नाही त्यांनी. मी उठून पाण्याचा पेला आणला.

मग ते म्हणाले, "ती गेली तेव्हा सगळे म्हणाले, काय धीराचा माणूस. धीर कसला हो, नीरजाताई. घरात तिचा वास होता. मला ती गेल्यासारखं वाटतच नव्हतं."

मी पेला पुढे केला. त्यांनी पाणी घेतलं नाही, तोंड पुसलं आणि घड्याळाकडे बघितलं. थेंबांची वेळ झाली होती. मोरीत जाऊन साबणानं हात धुतले, कापूस आणला, गुळ्याला उचलून मांडीवर पाठमोरा घेतला. डावा डोळा पुसला, नाकाकडून बाहेर. मागून हात आणून थेंब घातला. मग हनुवटीखाली खाजवत त्याला काही सांगायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना.

म्हणून ते मी म्हटलं. "झालं. शहाणा तो. झालं."